ओहायोच्या विषारी रेल्वे अपघातानंतर अमेरिकेत कडक कायदा का झाला नाही?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ईस्ट पॅलेस्टाइन गावात विषारी रसायनांची मालगाडी घसरली, दोन्ही पक्षांचे नेते कायदा कडक करू म्हणाले, मग तो झाला का नाही. एका ओळीत उत्तर द्यायचं तर विधेयक सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, समितीत पास झालं आणि सिनेटमध्ये अंतिम मतदानाला कधी आलंच नाही. पण नेमकं काय अडलं ते कळायला आधी त्या गाडीचं चाक बघायला हवं.

मी 31 वर्षं खानदेशातल्या एका मोठ्या यार्डात कॅरेज-वॅगनचं, म्हणजे डबे तपासायचं, काम केलं. गाडी यार्डात शिरताना आम्ही रुळाच्या दोन्ही बाजूंना उभे राहायचो, रोलिंग-इन म्हणतात त्याला. तिथे डोळ्यांच्या आधी नाक आणि कान कामाला येतात. बेअरिंग, म्हणजे चाकाचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, जायला लागलं की जळक्या ग्रीसचा वास येतो आणि चाकांच्या ठेक्यात वेगळीच घरघर ऐकू येते. गाडी थांबली की एक्सल बॉक्सवर, म्हणजे बेअरिंग असतं त्या पेटीवर, टेंपरेचर गन धरायची. गन नव्हत्या तेव्हा हाताची पाठ लावून बघायचो. शंका आली की वॅगन सिक मार्क करायची, म्हणजे नादुरुस्त ठरवायची, आणि कापून बाजूला काढायची. माल कोणाचा आणि किती घाईचा, ते नंतर.

3 फेब्रुवारी 2023 ची नॉरफोक सदर्न कंपनीची ती गाडी 149 डब्यांची होती, लांबी पावणेतीन किलोमीटरहून जास्त. तेविसाव्या डब्याचं बेअरिंग तापत होतं. वाटेत रुळालगत तापमान मोजणारी यंत्रं होती. एका यंत्राने बाहेरच्या हवेपेक्षा 38 अंश फॅरनहाइट जास्त दाखवलं. 10 मैलांनी, ओहायोतल्याच सेलम गावाजवळ, 103. पुढचं यंत्र थेट 20 मैलांवर, ईस्ट पॅलेस्टाइनमध्येच. तिथे आकडा 253 वर गेला, चालकाला इशारा मिळाला, त्याने गाडी थांबवायला घेतली, पण तोवर उशीर झाला होता. 38 डबे घसरले. सेलममधल्या एका सीसीटीव्हीत डब्याखाली जाळ दिसतो. ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेन! तिथे रुळाशेजारी आमच्यातला एक माणूस उभा असता तर त्याने लाल बत्ती दाखवलीच असती.

मग 103 ला गाडी का थांबवली नाही? कारण कंपनीच्या नियमात 170 च्या पुढे गेल्यावरच चालकाला थांबायला सांगायचं असं होतं. ही मर्यादा कंपनीने स्वतः ठरवलेली. यंत्रं किती अंतरावर हवीत, किती तापमानाला गाडी उभी करायची, याचा केंद्र सरकारचा नियमच नव्हता. शिवाय कायद्याच्या व्याख्येत ती गाडी 'अतिधोकादायक' बसत नव्हती, म्हणून ओहायो राज्याला आगाऊ कळवायचंही बंधन नव्हतं. आणि आत पाच टाक्यांत मिळून 1,15,580 गॅलन व्हिनाइल क्लोराइड होतं, ज्याच्यापासून पीव्हीसी बनतं. स्फोट होईल या भीतीने तीन दिवसांनी ते मुद्दाम पेटवून दिलं. पुढे एनटीएसबी या तपास संस्थेने सांगितलं की पेटवायची गरजच नव्हती. सुमारे 4,700 वस्तीच्या गावावर तो काळा धूर उगाच चढला. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

1 मार्च 2023 ला ओहायोचे दोन्ही सिनेटर, डेमोक्रॅट शेरॉड ब्राउन आणि रिपब्लिकन जे. डी. व्हान्स, यांनी मिळून रेल्वे सेफ्टी ॲक्ट आणला. तापमापक यंत्रांचे नियम सरकारने ठरवायचे, धोकादायक मालाची व्याख्या रुंद करायची, इंजिनावर किमान दोन माणसं ठेवायची, दंड वाढवायचा. 10 मे ला समितीत 16 विरुद्ध 11 मतांनी मंजूर झालं, पण रिपब्लिकनांपैकी फक्त दोघं बाजूने होते. सिनेटमध्ये असं विधेयक पुढे न्यायला साधारण 60 मतं लागतात. ती जुळली नाहीत.

विरोधकांचा एक मुद्दा खरा होता: या गाडीवर तिघं जण होते, मग दोन माणसांच्या अटीचा या अपघाताशी काय संबंध? ती अट मला हवीच आहे. पण तापमानाचं कलम आधी वेगळं काढून रेटायला हवं होतं असं मला वाटतं. त्याला उघड विरोध करणं कोणालाही जड गेलं असतं.

दुसरं कारण जास्त कडू आहे. सप्टेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला प्रवासी गाडी आणि मालगाडी समोरासमोर धडकून 25 माणसं गेली. पाच आठवड्यांत, 16 ऑक्टोबरला, रेंगाळत पडलेल्या रेल्वे सुरक्षा कायद्यावर सही झाली. ईस्ट पॅलेस्टाइनला त्या रात्री एकही माणूस दगावला नाही. विहिरीच्या पाण्याची धास्ती, घशाची जळजळ, घराच्या उतरलेल्या किमती, हे सगळं सावकाश पुढे येतं. तोवर कॅमेरे निघून गेलेले असतात.

अगदीच काही झालं नाही असं नाही. ओहायोने स्वतःच्या कायद्यात दोन माणसांची अट घातली, एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनानेही तसा नियम काढला. रहिवाशांच्या दाव्यात कंपनीने 60 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. ब्राउन मात्र 2024 ची निवडणूक हरले, आणि जानेवारी 2025 मध्ये त्या काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपली तेव्हा विधेयकही आपोआप बाद झालं.

मोठ्या रेल्वे कंपन्यांनी मार्च 2023 मध्येच आपणहून एक समान मर्यादा जाहीर केली होती. आकडा तोच, 170 अंश. निव्वळ या आकड्यावर गेलं, तर सेलमच्या यंत्रावरून 103 दाखवत जाणारी ती गाडी आजही थांबणार नाही.