शिडीवर उभं राहून चेनसॉने उंचावरची फांदी कापली तर चालेल का? बेल्ट कुठला घेऊ?

शिडीवरून नको. बेल्ट कुठलाही बांधा, तरी नको. का ते सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं तर तुम्ही सुट्टीच्या दिवशी चढणारच, मला माहितीये, मीही एकेकाळी चढलोय.

तुम्ही लिहिलंय की फांदी वीसेक फुटांवर आहे, मांडीएवढी जाड आहे आणि शिडी त्याच फांदीला टेकवणार आहात. आता बघा, फांदी स्वतःच्या वजनाने वाकलेली असते. पुढचा भाग कापून पडला की ते वजन गेलं आणि उरलेला भाग वर उसळतो, म्हणजे शिडीचा टेकूच गेला. बरं, शिडी बुंध्याला टेकवली तर? कापलेली फांदी सरळ खाली पडते असं काही नाही, बऱ्याचदा शेवटी सालीच्या एका पट्ट्यावर लोंबकळते आणि झोका घेऊन बुंध्याकडे येते, आणि तिथे शिडीवर तुम्ही, हातात चालू मशीन.

पण माझ्या मते शिडीचा खरा घोळ वेगळाच आहे. शिडीवर माणसाचा एक हात कायम काहीतरी धरायला बघतो. आणि चेनसॉला दोन्ही हात लागतात, यात सूट नाही. मी बरीच वर्षं झाडांवर चढून कापायचं काम करतोय आणि आमचे दोर, हार्नेस, हुक हा सगळा पसारा कशासाठी तर पडू नये म्हणून हे झालंच, पण त्याहून जास्त दोन्ही हात मोकळे मिळावेत म्हणून. वर पोचल्यावर एक हात सोडवत नसेल तर मशीन चालूच करायची नाही, आधी बसायची जागा नीट करायची.

दोन हात का, ते किकबॅकमुळे. बार म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी, तिच्या टोकाचा जो वरचा पाव भाग असतो तो चालू असताना लाकडाला लागला की साखळी तिथे अडकते आणि तो सगळा जोर बारला वर आणि मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे फेकतो. हे इतकं पटकन होतं की आपण काही करायच्या आत झालेलं असतं. डावा हात पुढच्या हँडलवर असेल, अंगठा खालून वळवून घट्ट, तर बार उसळताना मनगट पुढच्या गार्डवर आपटतं आणि साखळी थांबवणारा चेन ब्रेक लागतो. आताच्या मशीनमध्ये नुसत्या झटक्यानेही ब्रेक लागतो, पण त्या एकट्याच्या भरवशावर मी तरी राहणार नाही. डावा हात तिथे नसला तर बार अडवणारं कोणीच नाही.

माझीच गोष्ट सांगतो. चढून काम करणाऱ्यांसाठी वर हँडल असलेली छोटी मशीन येते, ती एका हातात इतकी छान बसते की मोह होतोच. एकदा मनगटाएवढी फांदी डाव्या हाताने धरली, खाली पडू नये म्हणून, आणि उजव्या हाताने कापली. काप संपला, मशीन स्वतःच्या वजनाने खाली आली आणि कमरेभोवतीच्या दोराला हलकीशी टेकली. आवाजसुद्धा नाही आला. बघतो तर दोराचं वरचं विणकाम केळ्याच्या सालीसारखं उघडलेलं आणि आतली तार चमकत होती. तार होती म्हणून निभावलं. तारेचा दोरही कापला जाऊ शकतो, पण साधा दोर ताणलेला असताना साखळी लागली तर तो दोऱ्यासारखा जातो. तेव्हापासून मशीन चालू करायच्या आधी मुख्य दोर वर, एका बाजूला, आणि दुसरा दोर बुंध्याभोवती, दोन्ही लावलेले, दोन्हींवर हात फिरवून बघायचं. कापताना कायम दोन ठिकाणी बांधलेलं असायचं. मशीन खांद्याच्या वर न्यायची नाही.

बेल्टचं विचारलंत तर नुसता कमरेचा पट्टा नको, त्यावर लटकलात तर श्वासच घेता येत नाही. बांधकामावरचा पाठीत हुक असलेला पडल्यावर अडवतो, पण त्यात बसून काम होत नाही. झाडाच्या कामाचा हार्नेस वेगळा असतो, मांड्यांखाली पट्टे आणि हुक पुढे व बाजूंना. चेनसॉपासून पाय वाचवणाऱ्या पँटचंही तसंच, क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर साखळीवेगाला तपासलेली, आत लांब धागे असतात ते ओढले जाऊन मशीनचं चाक जाम करतात. त्यात टाइप ए नुसतं समोरून वाचवतो, झाडावर पाय कसेही असतात म्हणून टाइप सी घ्यायची. तुमची मशीन बॅटरीवाली आहे ना? मग पँटवर फार विसंबू नका, त्या मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतो, ती पेट्रोलसारखी चटकन जाम होत नाही. आणि शांत असते म्हणून माणूस बिनधास्त होतो, ते वेगळंच. दोन कापांच्या मध्ये ब्रेक लावायचाच, जागा बदलायची असेल तर बंद.

कापायची पद्धत थोडक्यात, आधी खालून जाडीच्या पाव-एक भाग, मग वरून थोडं पुढे सरकून. वरून एकदम कापली तर फांदी चिरत बुंध्यापर्यंत साल सोलत जाते. उलट खालून जास्त खोल गेलात तर बार चिमटला जातो. आणि मशीन फांदीत अडकली, फांदी पडली आणि मशीन कमरेला पक्की बांधलेली असली तर तुम्हीही तिच्याबरोबर ओढले जाता, म्हणून मशीनचा पट्टा जोराने ओढल्यावर तुटणारा असतो.

खाली दुसरा माणूस हवा, तोही नुसता फांद्या गोळा करणारा नाही, वर चढून उतरवू शकणारा आणि त्याच्याकडे वेगळा दोर असलेला. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाला जास्त वेळ नसतो.

तुमच्या केसमध्ये मी काय करेन? बारीक फांद्या जमिनीवरून पोल सॉने, म्हणजे लांब दांड्याच्या करवतीने, बरोबर खाली उभं न राहता. ती मांडीएवढी मात्र दोर-हार्नेसवाल्याला द्या. फांदीजवळून विजेची तार जातेय का ते तुम्ही लिहिलं नाहीये. जात असेल तर पोल सॉसुद्धा उचलू नका, मी वर सांगितलेला तारेचा दोरही तिथे चालत नाही, आधी वीज कंपनीला कळवून लाइन बंद करून घ्या.