जागरणं टाळून इंजिनीअरिंग करता येतं

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मनोरुग्णालयात दाखल झाला, बायपोलर आजाराचं (मन कधी अति उत्साहात, तर कधी खोल उदासीत जाण्याचं) निदान झालं, आता घरी आहे आणि मन स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू आहे. वर्ष गेलं. ‘त्याला सरळ बी.ए.ला घालू का, डोक्याला ताण नको,’ असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, एवढ्यात नको.

पत्राच्या शेवटी त्यानं स्वतः लिहिलंय, ‘एक पान वाचायला अर्धा तास लागतो. मी ढ झालोय का?’ नाही रे, झालेला नाहीस. आजाराच्या अशा झटक्यानंतर एकाग्रता सावकाश परतते, काहींना महिने लागतात. औषधांनीही सुस्ती येते. डॉक्टरांना हेच वाक्य जसंच्या तसं सांग, गरज वाटली तर ते डोस बदलतील. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही, आणि लिथियमची रक्ततपासणी परीक्षेच्या गडबडीतही चुकवायची नाही.

ताई, या आजारात अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा झोपेला जास्त जपावं लागतं. झोप तुटली की आजार उलटू शकतो. म्हणून सबमिशनच्या आठवड्यातली जागरणं बंद, शक्य असेल तर हॉस्टेलऐवजी शांत खोली, आणि पुढे नोकरी बघताना फिरत्या शिफ्टची, अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री चालणारी कामं नकोत. दिवसपाळीची कामं या क्षेत्रात भरपूर आहेत. बी.ए. करून रात्रपाळीच्या कॉल सेंटरला लागला, तर काय साधलं?

डॉक्टरांनी हो म्हटलं की कॉलेजात वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष मागे राहणं) आणि टर्म ग्रँटचे (सत्र पूर्ण धरून परीक्षेला बसू देण्याचे) नियम विचारा. सुरुवात बॅकलॉगच्या एक-दोन विषयांनी करू द्या.

शेजारी ‘टायफॉइड’ सांगितलंत, ते समजू शकते. पण कंपनीच्या सही करायच्या मेडिकल फॉर्मवर खोटं नको. मुलाखतीत ‘आजारपणामुळे खंड, आता शिक्षण पुन्हा सुरू’ एवढं पुरे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याला आहे. रुग्णालय ती त्याच्या संमतीशिवाय कंपनीला देऊ शकत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मानसिक आजार येतो. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी नोकरीत आरक्षण आहे. ते घ्यायचं की नाही, हे त्यानं ठरवावं.

रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या. आजारपणाआधी कोणता विषय आवडायचा, ते त्यात कळवायला सांगा.