दिवे बसतील, फॉर्म २२ कुठून आणणार?

मधेच वाचायला आलेल्यांसाठी आधी प्रश्न सांगतो. या मित्राला नाशिकला कावासाकीची केएलएक्स २३०आर एस सेकंडहँड मिळतेय, ट्रॅकवर जेमतेम चाललेली. रस्त्यावरच्या केएलएक्स २३० मध्ये तेच २३३ सीसीचं इंजिन आहे. मग तिचा हेडलाइट, इंडिकेटर, मीटर आणून हिच्यावर चढवले, हॉर्न-आरसे लावले आणि आरटीओत नेली, तर पासिंग होईल का? जोडीला एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओ आहे. त्याने घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारात हेच केलं आणि त्याला नंबरप्लेटही मिळाली.

होणार नाही. वरती कुणीतरी 'एजंट गाठ, होतं सगळं' असं लिहिलंय, त्याचा समाचार पुढे घेतो.

व्हिडिओ मात्र खरा आहे. मी स्वतः हे केलंय. नोकरीनिमित्त चार वर्षं फिनिक्सला होतो, तेव्हा होंडाची जुनी एक्सआर४००आर घेतली होती. किकवर सुरू होणारी, बॅटरी नाही, दिवा थेट इंजिनातल्या कॉइलवर. म्हणजे आपल्या लहानपणीच्या सायकलच्या डायनॅमोसारखा प्रकार: रेस दिली की लख्ख, सिग्नलला थांबलो की मिणमिण. रस्त्यावर चालवायची तर ब्रेकलाइट आणि हॉर्न इंजिन मंद असतानाही चालले पाहिजेत, म्हणजे डीसी करंट हवा, म्हणजे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर आणि एक छोटी बॅटरी आली. इथेच बहुतेक जण फसतात. अशा गाड्यांच्या स्टेटरमध्ये, म्हणजे इंजिनात वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या चकतीत, लाइटिंग कॉइलचं एक टोक त्याच्या लोखंडी गाभ्यालाच डकवून अर्थ केलेलं असतं. तसंच ठेवून फुल वेव्ह रेक्टिफायर जोडला तर चालत नाही. डावं कव्हर उघडून स्टेटर बाहेर काढायचा, ते टोक सोल्डरिंग आयर्नने अलगद सोडवायचं, त्याला नवी वायर जोडायची, जोड इपॉक्सीने बंद करायचा आणि ती वायर मूळच्याच रबरी बुचातून बाहेर आणायची. मग मल्टिमीटर घेऊन दोन्ही टोकं इंजिनाच्या बॉडीशी लावून बघायची. कुठेही पी वाजली तर परत उघडा. माझा दोनदा वाजला. दुसऱ्यांदा कव्हरचं गॅस्केटही फाटलं आणि तो शनिवार तिथेच संपला.

ब्रेकलाइटसाठी कॅलिपरकडे जाणाऱ्या ऑइलच्या नळीचा बँजो बोल्ट, म्हणजे नळी मास्टर सिलिंडरला जोडणारा पोकळ बोल्ट, बदलून प्रेशर स्विच असलेला बोल्ट लावतात. त्यात आट्यांची गोम असते: जपानी गाड्यांवर साधारणपणे १० मिमी, १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर), आणि ब्रेम्बोचे ब्रेक असतील तर १.० पिच. चुकीचा बोल्ट दोन आटे गोड बोलून आत जातो, मग अडतो. तिथे जोर लावला की मास्टर सिलिंडर भंगारात. बाकी कामं किरकोळ: आरसा, हॉर्न, नंबरप्लेटवरचा छोटा दिवा, आणि रस्त्यासाठी मान्यता असलेले टायर. तिथे ती मान्यता टायरच्या कडेवर डीओटी अशा अक्षरांत असते. मोटोक्रॉसच्या कित्येक टायरांवर उलट 'हमरस्त्यावर वापरू नये' असंच छापलेलं असतं.

मग गाडी ट्रेलरवर घालून तपासणीला नेली. तपासनिसाने चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहिला, दिवे लावायला सांगितले, ब्रेक दाबायला सांगितला, हॉर्न वाजवायला सांगितला आणि कागदावर खुणा केल्या. झालं. घरी येताना ट्रेलर रिकामा होता.

पण हे ॲरिझोनात. शेजारच्या कॅलिफोर्नियात हाच उद्योग केला असता तर तोंडावर पडलो असतो. तिथे साधारण १९७८ पासूनच्या गाड्यांना कारखान्यातूनच 'रस्त्यासाठी' असं उत्सर्जनाचं लेबल लागलेलं असावं लागतं. ते नसेल तर तुम्ही दिव्यांची आरास केलीत तरी रस्त्याची प्लेट नाही. म्हणजे प्रश्न अमेरिका विरुद्ध भारत असा नाहीच. गाडी रस्त्यालायक आहे हे कोण ठरवतं, एवढाच आहे. ॲरिझोनात समोर उभ्या असलेल्या गाडीकडे बघून ठरवतात. कॅलिफोर्नियात आणि आपल्याकडे ते गाडी कारखान्यात असतानाच ठरलेलं असतं.

आता आपल्याकडचं नीट समजून घे, कारण सगळी मेख इथे आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३९: नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायची नाही. नोंदणीसाठी डीलर जे कागद लावतो त्यात फॉर्म २० हा अर्ज, फॉर्म २१ हा विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२. हा फॉर्म २२ कंपनी देते: ही गाडी प्रदूषण, आवाज आणि सुरक्षेचे नियम पाळते, असं बनवणाऱ्याने लिहून दिलेलं असतं. कंपनी ते हवेत लिहून देत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे प्रत्येक मॉडेलचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. यातल्या तीन संस्था तर आपल्या दारातच आहेत. पुण्यात वेताळ टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे ज्या कुंपणाच्या कडेने चालतात, त्याच्या आत तुझ्या प्रश्नाचं उत्तर बसलेलं असतं.

केएलएक्स २३० या परीक्षेला बसली आणि पास झाली, म्हणून २०२४ च्या अखेरीस ती रस्त्यावरची गाडी म्हणून आपल्याकडे आली. २३०आर एस परीक्षेला बसलेलीच नाही. कंपनी तिला बंदिस्त जागेत चालवायची गाडी म्हणूनच विकते. कावासाकीच्याच रेसिंगच्या केएक्स २५०, केएक्स ४५० यांचंही तेच. सख्ख्या बहिणी, एकीचं नाव रेशनकार्डावर आहे, दुसरीचं नाही. तू धाकटीला थोरलीची साडी नेसवून तलाठ्यापुढे उभी करू म्हणतोयस.

त्यात पुन्हा सगळं संगणकावर गेलंय. कंपनी मंजूर मॉडेलच्या गाड्यांचे चेसिस नंबर 'वाहन' प्रणालीत चढवते आणि डीलर तिथूनच गाडी उचलून नोंदणी करतो. तुझ्या गाडीचा चेसिस नंबर तिथे नाहीच. आरटीओतल्या साहेबाची तुझ्यावर कितीही मर्जी असली तरी तो टाइप कुठे करणार?

'मग मी स्वतः एआरएआयकडून पास करून घेतो' असंही एकाने सुचवलंय. कल्पना गोड आहे. ती परीक्षा मॉडेलची असते, तिचा खर्च आणि कागदपत्रं कंपनीच्या मापाची असतात. आणि परीक्षेत काय काय येतं ते बघ: बीएस ६ चं उत्सर्जन, आवाज, ब्रेकचं अंतर, आपोआप लागणारा हेडलाइट, आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. दिवे तू लावशील रे, पण एबीएस? चाकांवर दातेरी रिंगा, सेन्सर, ब्रेकच्या नळ्यांमध्ये मॉड्युलेटर, त्याचं कंट्रोल युनिट, आणि हे सगळं या गाडीच्या वजनाला जुळवून घेतलेलं. हे पान्याचं काम नव्हे. शिवाय नियम १२३ आहे, मागे बसणाऱ्यासाठी पकडायला दांडी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारी जाळी. डर्ट बाइकला साडीगार्ड! मी एकदा हे चित्र डोळ्यांपुढे आणून पोटभर हसलो होतो.

कलम ५२ चं नाव इथे बऱ्याच जणांनी घेतलंय, त्यामुळे तेही सांगतो. ते नोंदणी झालेल्या गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे, तुझी गाडी त्याच्याही अलीकडे अडते. पण त्यावरून हवा कुठली आहे ते कळतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ जो दिला त्याच्याशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. सीएनजी किट चालतं, कारण त्या किटलाही बनवणाऱ्याने मान्यता घेतलेली असते. म्हणजे तिथेही फिरून तेच, मान्यता बनवणाऱ्याकडे, वापरणाऱ्याकडे नाही.

आता एजंट. चार वर्षांपूर्वी एका आरटीओबाहेरच्या टपरीवर मलाही एक भेटला होता. चहा त्यानेच पाजला. म्हणाला, 'सर, पेपर लावून देतो की.' पेपर लावणं म्हणजे काय तर भंगारात गेलेल्या कुठल्यातरी गाडीचं आरसी घ्यायचं, तिचा नंबर आपल्या फ्रेमवर ठोकायचा. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला, फ्रेमच्या गळ्यावर घासून पुन्हा पंच केलेला नंबर. आकडे एका ओळीत नव्हते, ७ जरासा खाली सरकलेला, आणि आजूबाजूचा रंग नवा कोरा. नाक्यावरचा हवालदार सोड, आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही संशय आला असता. हा दंड भरून सुटायचा प्रकार नाही, सरळ फसवणूक आणि बनावटगिरीचा गुन्हा आहे. एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

बिननोंदणीची गाडी चालवल्याबद्दल केंद्रीय कायद्यात पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडलास तर दहा हजारांपर्यंत किंवा तुरुंग. पोरं हा हिशोब करून म्हणतात, परवडतंय. त्यांना मी नेहमी विम्याचं विचारतो. नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. उद्या गावच्या रस्त्यावर कुणी म्हातारा आडवा आला, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती तुला खिशातून द्यावी लागेल. ती रक्कम गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते, आणि ती भरायला माणसं जमिनी विकतात.

आणि समज, सगळं जमलं असतं तरी मी तुला ती गाडी रोज चालव म्हटलं नसतं. बहुतेक डर्ट बाइकच्या मागच्या हबमध्ये रबरी डँपर नसतात. मातीत चाक घसरतं म्हणून झटका जिरतो, डांबरावर तोच झटका चेनमधून गिअरबॉक्सला बसतो. केएक्ससारख्या रेसिंगच्या गाडीची सर्व्हिस तर किलोमीटरवर नसतेच, तासांवर असते. माझ्या एक्सआरचे गुटीवाले, म्हणजे मातीसाठी मोठे उंचवटे असलेले, टायर डांबराने बघता बघता खाल्ले, आणि हायवेवर तासभर चालवली की हाताला मुंग्या येऊन चहाचा कप धरवत नसे.

मग करायचं काय? तुझी गरज तू लिहिली आहेस: आठवडाभर ऑफिस, रविवारी भोर-वेल्ह्याकडचे कच्चे रस्ते. याला सरळ रस्त्याची गाडी घे आणि तिला मातीकडे ने. थोरली केएलएक्स २३० आहेच. हिरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही चं प्रो हे मॉडेल बघ, सस्पेन्शनचा ट्रॅव्हल पुढे २५० आणि मागे २२० मिमी, जमिनीपासून उंची २७० मिमी, आणि हे सगळं कंपनीनेच पास करून विकलेलं. सीट मात्र ८९१ मिमी उंच आहे, शोरूममध्ये नुसती बसून बघू नकोस, उतारावर उभी करून बघ. त्यावर इंजिनाखाली बॅशप्लेट, हँडगार्ड, त्याच मापाचे गुटीचे टायर, मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात मोठं, एवढ्यात सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा होतात. आरसे काढू नकोस, नंबरप्लेट वाकवू नकोस, आणि सायलेन्सरला हात लावू नकोस. असले सायलेन्सर पोलिस रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली घालतात, हे तू पेपरात पाहिलंच असशील.

एक विनंतीही आहे. गाडीला नंबर आहे म्हणून राखीव जंगलात किंवा अभयारण्यात घुसायचा परवाना मिळत नाही. आणि डोंगरमाथ्यावरचे कातळाचे सडे सोड. पावसाळ्यात त्या कातळावर बोटभर मातीत जे उगवतं, ते एका चाकाखाली जातं आणि चाकोरी मग वर्षानुवर्षं दिसते.

तरीही २३०आर एस चाच जीव लागला असेल तर घे, ट्रॅकसाठी घे. त्यात काही बेकायदा नाही. बंद ट्रॅकवर किंवा कुणाच्या खासगी शेतात मालकाला विचारून चालव, आणि न्यायची-आणायची छोट्या हत्तीत. तीन-चार मित्रांनी मिळून भाडं काढलं तर अंगावर येत नाही. बांधताना पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकव, हँडलच्या दोन्ही बाजूंनी पट्टे घाल, आणि चाक व मडगार्डच्या मध्ये लाकडाचा ठोकळा ठेव. लोक पट्टे आवळत आवळत फोर्क पार खाली बसवतात, मग खड्ड्यांत फोर्कचं सील फुटतं आणि ट्रॅकवर पोचेपर्यंत ब्रेक डिस्कवर तेल. साइड स्टँडवर उभी करून बांधू नकोस, स्टँडचा खिळा फ्रेममधून उपटून येतो.

नाशिकला बघायला जाशील तेव्हा मूळ इनव्हॉइस माग, आणि त्यावरचा चेसिस नंबर फ्रेमच्या गळ्यावरच्या नंबराशी आकडा आकडा लावून बघ. आरसी नसलेल्या गाडीची मालकी दाखवणारा तोच एक कागद आहे. विकणारा म्हणाला 'हरवलाय', तर वडे खाऊन परत ये. एअर फिल्टर उघडायला लाव, आतल्या बाजूला बारीक धूळ दिसली तर पिस्टन-रिंगांचा खर्च किमतीतून कापून माग. फोटो टाक इथे, बघून सांगतो.