लोड ९, सीपीयू मात्र रिकामा: टॉपचा स्क्रीन कुठून वाचायचा

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा: चार कोरचा उबंटू सर्व्हर, लोड ॲव्हरेज ९ च्या पुढे, तरी आयडल, म्हणजे सीपीयूचा रिकामा वेळ, ७० टक्क्यांच्या वर. फ्री मेमरी जेमतेम ३०० एमबी. टॉप, म्हणजे चालू प्रोसेस (प्रोग्रॅम) दाखवणारी लिनक्सची कमांड, तिच्या यादीत सगळ्यांत वर मायएसक्यूएल हा डेटाबेस, पण तेही १२ टक्क्यांवर. साइट मात्र रखडतेय. साहेब म्हणतात रॅम वाढवा, आणि टॉप उघडल्यावर पुढे काय दाबायचं हे तुम्हाला उमगत नाहीये.

रॅमची मागणी आत्ताच टाकू नका. ज्या प्रोसेसमुळे हे होतंय ती बहुतेक त्याच यादीत आहे, फक्त तळाशी. टॉप सुरू होतो तेव्हा यादी सीपीयूच्या वापराप्रमाणे लावलेली असते. डिस्कची किंवा नेटवर्क ड्राइव्हची वाट बघत अडकलेली प्रोसेस सीपीयू वापरतच नाही. तिच्यापुढे ०.० येतं आणि ती झोपलेल्या दोनशे प्रोसेसच्या गर्दीत बुडते. म्हणजे तुम्ही बघताय ते पहिले वीस-पंचवीस नेमके निर्दोष लोक आहेत.

लोडचा आकडा सीपीयूचाच असतो हा समज इथे नडतो. लिनक्समध्ये १९९३ पासून लोड मोजताना दोन प्रकार धरले जातात: सीपीयूवर चालणाऱ्या किंवा त्यासाठी रांगेत असलेल्या प्रोसेस, आणि ज्यांची झोप मोडता येत नाही अशा, म्हणजे स्टेटच्या (एस) कॉलममध्ये डी अक्षर असलेल्या. इतर युनिक्सवर काम केलेले लोक इथे हमखास चकतात. चार कोर, लोड ९ आणि सीपीयू निवांत, हे तिन्ही एकत्र दिसलं की डी शोधायचे. पहिल्या ओळीतले तीन आकडे १, ५ आणि १५ मिनिटांचे. पहिला तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर त्रास वाढतोय, लहान असेल तर ओसरतोय.

मग सीपीयूची ओळ. आधी १ दाबा, म्हणजे प्रत्येक कोरची वेगळी ओळ येईल. सरासरीत एक तुडुंब कोर लपून जातो. यूएस म्हणजे तुमचे प्रोग्रॅम, एसवाय म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर शेवटचा एसटी बघा: तो चढलेला असेल तर तुमच्या वाट्याचा वेळ होस्टवर (खालच्या खऱ्या मशीनवर) दुसऱ्यांकडे जातोय, आणि आतून काहीही केलं तरी उपयोग नाही.

त्याच ओळीतला डब्ल्यूए (वेट, म्हणजे वाट बघणं) मात्र फसवा आहे. सीपीयू रिकामा बसलाय आणि त्याच वेळी डिस्कचं काम अडलेलं आहे, एवढ्याच वेळेची ती नोंद आहे. सरकारी कचेरीत टेबलावरचा क्लार्क मोकळा दिसतो, कारण फाइल वरच्या मजल्यावर सहीला अडकलेली असते, तसंच. त्याच क्लार्कला दुसरं काम दिलं तर तो बिझी दिसेल, पण फाइल तिथेच. म्हणून डब्ल्यूए कमी आहे एवढ्यावरून डिस्कला क्लीन चिट देऊ नका. जास्त असेल तर मात्र तो दखल घेण्याजोगा आहे.

आता मुख्य काम. छोटा ओ दाबा. फिल्टर विचारणारी ओळ येईल; तिथे कॅपिटल एस, बरोबरचं चिन्ह आणि कॅपिटल डी टाइप करून एंटर. यादीत फक्त डी मधल्या प्रोसेस उरतील. एकदा बघून निष्कर्ष काढू नका, कारण डिस्क वापरणारी कुठलीही प्रोसेस क्षणभर डीमध्ये जाते. स्क्रीन साधारण दर ३ सेकंदांनी बदलतो. छोटा डी दाबून तो १ करा आणि बघत राहा. तेच ते पीआयडी (प्रोसेसचे क्रमांक) पुन्हा पुन्हा दिसले की सापडलं. मग छोटा सी दाबा, कमांडची पूर्ण ओळ दिसेल. नुसतं पायथन किंवा पीएचपी असं नाव वाचून काही कळत नाही.

त्याहून खोल जायचं तर छोटा एफ. कॉलमची यादी उघडते. बाणाने डब्ल्यूचॅनवर जा, स्पेसबारने निवडा, क्यू दाबून परत या. प्रोसेस कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये थांबली आहे ते या कॉलममध्ये येतं. दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचं बघायला रूट (मुख्य ॲडमिनचे अधिकार) लागतं, नाहीतर फंक्शनचं नाव दिसणार नाही. तिथे एनएफएस किंवा आरपीसी अशी अक्षरं दिसली तर विषय नेटवर्क ड्राइव्हचा. अपलोडचं फोल्डर एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या यंत्रावर) माउंट केलंय असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझा पहिला संशय तिथेच आहे.

एक सावधगिरी. छोटा के दाबल्यावर टॉप पीआयडी विचारतो, आणि काही न लिहिता एंटर मारलं तर यादीतली सगळ्यांत वरची प्रोसेस धरतो. आणखी एक एंटर, की तिला सिग्नल १५, म्हणजे बंद होण्याचा हुकूम, गेला. तुमच्याकडे वर मायएसक्यूएल आहे! शिवाय डीमध्ये अडकलेली प्रोसेस सिग्नल ९ नेही (सक्तीने मारण्याच्या) बहुधा मरत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. चुकून के दाबलं तर एस्केप.

मेमरीचं उत्तर तुमच्या स्क्रीनवर आधीपासून आहे. फ्रीचा आकडा सोडून द्या. मोकळी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरून टाकतो आणि गरज लागली की परत देतो. बघायचा तो अव्हेल मेम, म्हणजे वापरता येण्याजोग्या मेमरीचा अंदाज. गंमत म्हणजे तो स्वॅपच्या (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ओळीच्या शेवटी टांगलेला असतो, त्यामुळे लोक त्याला स्वॅपचा आकडा समजतात. स्वॅपशी त्याचा संबंध नाही. कर्नल हा अंदाज २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून स्वतः देतो. तो दोन-तीन जीबी असेल तर रॅमचा विषय संपला. स्वॅप थोडा भरलेला दिसला म्हणूनही घाबरू नका; व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर) हे कॉलम सतत हलत असतील तरच चिंता. व्हीएमस्टॅटची पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती वगळून वाचा.

यादीत कॅपिटल एम मेमरीप्रमाणे लावतो, कॅपिटल पी पुन्हा सीपीयूप्रमाणे. आरईएस (प्रत्यक्ष रॅममधली मेमरी) वाचा, व्हीआयआरटी (नुसती राखून ठेवलेली धरून) नको. जावाचा तो आकडा बघून भल्याभल्यांची झोप उडते. छोटा ई आकड्यांचं एकक बदलतो. एखादी प्रोसेस २५० टक्के दाखवते तेव्हा गणित बिघडलेलं नसतं, एक कोर म्हणजे १०० असा तो हिशोब आहे; कॅपिटल आयने तो एकूण कोरच्या प्रमाणात होतो.

बाणांनी यादी वरखाली सरकते, होम दाबलं की माथ्यावर. फिल्टर काढायला बरोबरचं चिन्ह. मांडणी मनासारखी झाली की कॅपिटल डब्ल्यू, म्हणजे पुढच्या वेळी तशीच उघडेल.

एचटॉप हा टॉपसारखाच दुसरा प्रोग्रॅम चांगला आहे, रंगीत आहे, रोज मीही तोच उघडतो. पण त्याचा एफ४ फिल्टर कमांडच्या मजकुरावर चालतो, स्टेटवर नाही. या प्रश्नासाठी तिथे एफ६ ने स्टेटप्रमाणे यादी लावावी लागेल.

साइट पुन्हा रखडेल तेव्हा डीचा फिल्टर लावून प्रोसेसची नावं, डब्ल्यूचॅनचा कॉलम आणि अव्हेल मेमचा आकडा कळवा. कमांडच्या ओळीत पासवर्ड असतील तर आधी पुसा. आणि जमल्यास त्याच वेळी एनएएसवरच्या फोल्डरची साधी यादी मागून बघा. तीसुद्धा अडकली तर साहेबांना सांगा, पैसे रॅमवर नाही, एनएएसकडे जाणाऱ्या वाटेवर लागणार आहेत.