पुढचं चाक तापतंय, कॅलिपर कोणता घेऊ?

तुमची गाडी दहा-अकरा वर्षांची हॅचबॅक, पुढचं डावं चाक तापतं, जळका वास येतो. गॅरेजवाला म्हणतो दोन्ही पुढचे कॅलिपर (चाकाच्या डिस्कला पॅडने चिमटणारे ब्रेकचे भाग) बदला, आणि त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलचे जुने कॅलिपर टाकले तर स्वस्तात काम होईल, बोल्ट तेच बसतात, ब्रेकही जास्त लागेल. यातलं शेवटचं वाक्य पुण्यातल्या गॅरेजांमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं आणि ते चूक आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

हाच सल्ला ऐकून बदललेली एक गाडी कामाला आली होती. तक्रार अशी की कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना पेडल खाली खाली जातं. चाकं काढल्यावर पहिल्यांदा दिसलं ते ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचं लहान तोंड. ते होजच्या (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीच्या) जोडाच्या खाली होतं. म्हणजे डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला. बोल्ट दोन्हीकडे सारखेच बसतात, त्यामुळे बसवणाऱ्याला काही खटकत नाही. पण हवा नेहमी वर जाते. निपल खाली असेल तर वर अडकलेली हवा बाहेर पडायला वाटच उरत नाही. अशा गाडीची लिटरभर ब्रेक ऑइल घालून एअर काढत बसलात तरी पेडल मऊच राहणार. नवा कॅलिपर बसवल्यावर निपल सर्वांत वर आहे ना, हे तुम्ही स्वतः वाकून बघा. त्याला पाना लागत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. त्या गाडीला मुळात 12 मिलिमीटर जाडीची सॉलिड (एकसंध) डिस्क. बसवलेले कॅलिपर 20 मिलिमीटरच्या व्हेंटिलेटेड (मधून हवा खेळणाऱ्या) डिस्कसाठी बनवलेले. हा मधला 8 मिलिमीटरचा फरक पॅड दाबणाऱ्या पिस्टनला बाहेर येऊन भरून काढावा लागतो. पॅड नवे असताना काहीच कळत नाही. पॅड झिजत जातात तसा पिस्टन आणखी बाहेर येतो. इथे तो इतका बाहेर आला होता की डस्ट बूट (पिस्टनला धूळ-पाण्यापासून झाकणारं रबर) ताणून आपल्या खाचेतून निसटला होता, आणि पिस्टनच्या उघड्या पडलेल्या भागावर पावसाच्या पाण्याने गंजाचे बारीक खड्डे पडले होते. पॅड अजून थोडे झिजले असते तर पिस्टन ऑइल अडवणाऱ्या सीलच्या बाहेर आला असता. तसं झालं की त्या लाइनमधलं सगळं ऑइल एका दाबात रस्त्यावर. शिवाय पॅड मोठे आणि डिस्क लहान, त्यामुळे पॅडची वरची कड डिस्कच्या बाहेर राहून न झिजता तशीच उभी होती.

आता "जास्त ब्रेक" याचा हिशेब. समजा मूळ पिस्टन 51 मिलिमीटरचा आहे आणि नवा 54 चा. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे सुमारे 12 टक्के. तेवढ्याच पेडलदाबात पुढच्या चाकांवर 12 टक्के जास्त जोर पडतो, हे खरं. पण मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग, तोच आहे, त्यामुळे पुढच्या कॅलिपरना तेवढंच जास्त ऑइल लागतं आणि पेडल जास्त खाली जातं. पुढचं-मागचं प्रमाणही बिघडतं. पुढची चाकं आधी लॉक व्हायला लागतात किंवा एबीएस लवकर कामाला लागतं, मागचे ब्रेक आपला वाटा उचलत नाहीत. गाडी शेवटी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते.

घाटात तर कॅलिपर मोठा असून उपयोग शून्य. 1,100 किलोची गाडी 80 च्या वेगावरून थांबवली की सुमारे 270 किलोज्यूल उष्णता तयार होते, आणि ती मुख्यतः डिस्कमध्ये साठते. डिस्क तीच राहिली तर मोठा कॅलिपर तिला थंड करत नाही. दिवे घाट, वरंधा, ताम्हिणी उतरताना दुसरा गिअर आणि चांगलं ब्रेक ऑइल जे काम करतं, ते त्या मोठ्या पिस्टनने होत नाही. डॉट 3 आणि डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे दर्जे; डॉट 3 नव्याने भरलं की किमान 205 अंशांना उकळतं, डॉट 4 किमान 230 ला. ओलावा शोषलेलं डॉट 3 मात्र 140 अंशांनाही उकळू शकतं. पुण्याच्या चार पावसाळ्यांत कधीच न बदललेलं ऑइल घेऊन लोक महाबळेश्वरला जातात आणि परत आल्यावर कॅलिपरला नावं ठेवतात.

तुमच्या गाडीत कॅलिपरच खराब आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं. चाक जॅकवर घ्या, पेडल दाबून सोडा आणि हाताने फिरवून बघा. अडकत असेल तर ब्लीडर निपल थोडं सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून पडलाय. मग निपल बंद करून पुन्हा दाब घ्या आणि या वेळी होज जिथे लोखंडी पाइपला जोडलाय तो जोड सैल करा. इथे चाक मोकळं झालं नाही तर होज आतून बंद झालाय. बाहेरून तो धडधाकट दिसतो, आत मात्र रबर सुजून झडपेसारखं काम करतं: पायाच्या जोराने ऑइल जातं, परत येत नाही. जुन्या गाड्यांमध्ये हे फार वेळा सापडतं आणि निरपराध कॅलिपर बदलला जातो. हा जोड सैल केल्यावरच चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडे शोधा. आणि निपल उघडूनही चाक जाम, तरच पिस्टन किंवा स्लाइडर पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) अडकल्यात.

पिना अडकल्या असतील तर पॅड सांगतात. आतला पॅड संपत आलेला आणि बाहेरचा जवळपास नवा, असं दिसलं की कॅलिपर सरकत नाहीये. पिना काढून साफ करा, बूट बदला, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चॅसिस ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि महिन्याभरात पिना पुन्हा जाम. पेट्रोल-डिझेलने कॅलिपर धुण्याची सवयही तशीच घातक. बऱ्याच गाड्यांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी बुश असतं, ती आपल्याच भोकात परत गेली पाहिजे.

पिस्टन अडकला असेल तर तो बाहेर काढून उजेडात फिरवून बघा. सील पिस्टनच्या पृष्ठभागावर घासतं, म्हणून त्या पट्ट्यात नखाला लागेल असा खड्डा असेल तर पिस्टन बाद. सिलिंडरच्या भिंतीवर हलका डाग असला तरी एक वेळ चालतं. सीलच्या खाचेत गंज असेल तर तो सीलला आतून ढकलून पिस्टन आवळतो, तेव्हा ती खाच स्वच्छ झालीच पाहिजे. एवढं ठीक असेल तर रबर किटमध्ये काम होतं. किट काही शेकड्यांत येतं, कॅलिपरला काही हजार लागतात.

कॅलिपर घ्यायचाच ठरला तर चॅसिस नंबर घेऊन जा. नाना पेठेत जा किंवा कंपनीच्या काउंटरवर, नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून भाग मागू नका. एकाच मॉडेलला एकाच वर्षी दोन वेगळ्या पुरवठादारांचे कॅलिपर असू शकतात, एबीएस आणि बिनएबीएसमध्येही फरक असू शकतो. जुना कॅलिपर पिशवीत घालून सोबत न्या आणि काउंटरवर जुळवा: पिस्टनचा व्यास, कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटच्या बोल्टमधलं अंतर, होजच्या भोकाचे आटे, पॅडचा आकार, डावा की उजवा. नवा कॅलिपर ब्रॅकेटसकट येतो की नुसता, हेही विचारा. भंगारातला कॅलिपर मी कुणालाच सुचवणार नाही. तो किती दिवस पाण्यात उभ्या गाडीवर होता हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

दोन्ही बदलायची गरज आहे का? पॅड आणि डिस्क नेहमी जोडीने. कॅलिपर मात्र एकच बदलला तर चालतो, अट एवढीच की भाग मूळ नंबरचा असावा आणि दुसऱ्या बाजूचा पिस्टन व पिना हाताने सहज सरकत असाव्यात. गॅरेजवाल्याने दुसरी बाजू न खोलताच जोडी सांगितली असेल तर आधी खोलून दाखवा म्हणा.

बसवताना कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. बँजो बोल्टच्या (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंचे कॉपर वॉशर नवे घाला, जुने वॉशर गळतात. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती मोजून घ्या, कारण झिजलेल्या डिस्कवर नवा कॅलिपर म्हणजे पैसे वाया. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. एअर काढताना टाकीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका, आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिला दाब रिकामाच जातो, तो पार्किंगमध्येच जाऊ दे. नव्या पॅडना पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा हळू ब्रेक लावून बसवा. लगेच सिंहगडावर नेऊ नका.

हे सगळं पुढच्या, एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरबद्दल झालं. मागे डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर पिस्टन बहुतेक वेळा दाबून जात नाही, फिरवून आत घालावा लागतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घ्यावं लागतं, नाहीतर आतली मोटर जाते. आणि कुणी डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर असा एकाच गाडीचा पूर्ण संच मोजमाप करून बसवला असेल, तर त्याच्याशी माझं भांडण नाही. तुम्हाला सुचवलेलं तसं काही नाही, म्हणून आधी त्या होजचा जोड सैल करून बघा.