स्वप्नात कळतं, आणि लगेच जाग येते

"मॅडम, स्वप्नात मला कळतं की हे स्वप्न आहे. आणि कळल्या कळल्या जाग येते."

ही तक्रार मी हल्ली सतत ऐकते. मोबाईलवर लुसिड ड्रीमचे, म्हणजे स्वप्नातच ते स्वप्न असल्याचं भान येण्याचे, व्हिडिओ बघून प्रयोग करणारी कॉलेजची मुलं असतात, तसेच ध्यानाला बसणारे निवृत्त गृहस्थही. कितीतरी दिवस झटून स्वप्नात एकदाचं भान येतं आणि पुढच्या काही सेकंदांत समोर छताचा पंखा दिसतो. मग ही माणसं स्वतःलाच बोल लावतात. त्यांना मी आधी एवढंच सांगते, की सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं. भान येणं एक आणि ते टिकवणं दुसरं. दुसरं वेगळं शिकावं लागतं, आणि ते शिकता येतं.

वृंदाताई (नाव बदललं आहे) बँकेत अधिकारी. माझ्याकडे आल्या त्या रात्री झोप नीट होत नाही म्हणून. बोलता बोलता कोकणातल्या घराचा विषय निघाला. भावांनी ते विकलं, नंतर पाडलं गेलं. ते घर त्यांच्या स्वप्नात येई आणि कधीमधी स्वप्नातच त्यांना उमजे, की घर तर आता नाही, म्हणजे हे स्वप्न आहे. त्यांना माळ्यावर जायचं असे. लहानपणी दुपारभर त्या तिथे वाचत पडायच्या. पण जिन्यापर्यंत पोचायच्या आतच जाग यायची.

"घरात कोणाला सांगितलं की म्हणतात, मनाचे खेळ आहेत," त्या म्हणाल्या.

मी त्यांना कीथ हर्न आणि स्टीफन लाबर्ज या स्वप्नसंशोधकांच्या प्रयोगांबद्दल सांगितलं. ठळक स्वप्नं बहुतेक ज्या झोपेत पडतात त्या रेम झोपेत अंग लुळं असतं, पण डोळे हलतात. म्हणून झोपायच्या आधीच ठरलं, की स्वप्नात भान आलं की डोळे डावी-उजवीकडे ठरलेल्या पद्धतीने फिरवायचे. 1975 साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात हर्न यांनी आणि त्यानंतर काही वर्षांनी स्टॅनफर्डमध्ये लाबर्ज यांनी झोपलेल्या माणसाकडून आलेली ही खूण यंत्रावर नोंदवली. माणूस खरोखर झोपेत होता आणि स्वप्नातून खूण करत होता. हे ऐकून वृंदाताई सावरून बसल्या.

मग मी विचारलं, "कळल्यावर पहिलं काय करता?"

"पळते. जाग यायच्या आत माळा गाठायचा असतो ना."

"पळताना पायाखाली काय असतं?"

"म्हणजे?"

"जमीन कसली असते? फरशी, कोबा, सारवलेली?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "माहीत नाही. मी कधी बघितलंच नाही."

ज्या घरासाठी जीव तुटत होता, त्या घरात उभं राहून त्यांनी घर पाहिलंच नव्हतं! सगळं लक्ष दोनच गोष्टींत: माळा गाठलाच पाहिजे आणि स्वप्न मोडता कामा नये. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराची. इच्छेचा हट्ट झाला की माणूस अस्वस्थ होतो, हे मी जागेपणी रोज बघते. स्वप्नात तर त्या अस्वस्थतेची किंमत ताबडतोब मोजावी लागते. छाती धडधडली की झोप उडालीच. टिकवण्याची धडपडच स्वप्न मोडते, हे त्या दिवशी मला लख्ख दिसलं. तेव्हापासून पायाखालच्या जमिनीचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, आणि तो बहुतेकांना जागीच थांबवतो.

त्यांना मी एकच काम दिलं. भान आलं की कुठेही जायचं नाही. आधी हात लावायचा, जमिनीला, भिंतीला, जे जवळ असेल त्याला. दृश्य पुसट व्हायला लागलं तर स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळायचे. लाबर्ज यांनी हे तपासून पाहिलंय. हात चोळणं किंवा स्वप्नातच स्वतःभोवती गिरकी घेणं, या दोन्हींनी स्वप्न टिकायची शक्यता स्वप्नाबरोबर नुसतं वाहत राहण्यापेक्षा बरीच वाढते. त्यांचं स्पष्टीकरण मला पटतं: मन स्वप्नातल्या अंगाच्या स्पर्शात गुंतलं, की गादीवरच्या अंगाकडे त्याचं लक्ष जात नाही.

काही आठवड्यांनी त्या आल्या आणि खुर्चीत टेकण्याआधीच बोलायला लागल्या. "पडवीत होते. कॅलेंडरवरची तारीख वाचली, मान वळवून पुन्हा वाचली, तर वेगळीच. कळलं. पळावंसं वाटलं, पण तुमचं आठवलं. खाली बसले आणि जमिनीवर हात ठेवला. सारवलेली होती मॅडम. बोटांचे अर्धगोल उमटलेले, आई सारवायची तसेच. मी त्या ओळींवरून बोट फिरवत बसले. मध्येच सगळं धूसर झालं, तेव्हा हात चोळले. ऊब लागली आणि पडवी परत आली."

"आणि माळा?"

त्या हसल्या. "विसरलेच की! पण फार वेळ नव्हतं हो, दोनेक मिनिटं असेल."

दोन मिनिटं थोडी नव्हेत. लाबर्ज यांनी लोकांना स्वप्नात दहापर्यंत मोजायला सांगितलं, तेव्हा त्याला जागेपणी लागतो साधारण तेवढाच वेळ लागला. वृंदाताई आईने सारवलेल्या जमिनीवर खरोखरच तेवढा वेळ बसल्या होत्या.

तुम्ही नवखे असाल तर आणखी काही गोष्टी. एकाच वस्तूकडे टक लावू नका, नजर फिरती ठेवा. उडणं, कोणाला भेटणं हे पुढे बघू; आधी दार उघडा, पाण्यात हात घाला. जाग आलीच तर हलू नका. डोळे मिटून त्याच जागेचा स्पर्श आठवत पडून राहा, पुष्कळदा स्वप्न पुन्हा हाती लागतं. आणि उठल्यासारखं वाटलं तरी घड्याळ दोनदा बघा, कारण कधी कधी ती जागही स्वप्नातलीच असते. स्वप्नात अडकून पडण्याची भीती मात्र सोडा, झोप संपली की स्वप्न संपतं. क्वचित जाग आल्यावर अंग हलत नाही. घाबरू नका, ते थोड्या वेळात आपोआप सुटतं.

एका बाबतीत मी कडक आहे. रेम झोपेचे लांब टप्पे पहाटे येतात, म्हणून पाचेक तासांनी गजर लावून उठायचं, थोडं जागं राहून पुन्हा झोपायचं, ही युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती उपयोगी आहे, पण रोज केलीत तर झोपेचं खोबरं होईल. ज्यांना पूर्वी भ्रम किंवा भास झालेत, किंवा जागेपणीही आजूबाजूचं खोटं वाटतं, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय यात पडू नये. वृंदाताई गजर फक्त रविवारी पहाटेचा लावतात. बाकीचे दिवस साडेदहाला दिवा बंद, आणि ज्या झोपेसाठी त्या माझ्याकडे आल्या होत्या, ती आता त्यांना लागते.