कथा-नाटकांत प्रेक्षकांना आधीपासून जमलेली, खरी वाटणारी प्रेमाची नातीच का हवी असतात? आणि लेखक ती का टाळतात?

प्रेक्षक येडा नसतो म्हणून. एवढं लिहून थांबले असते, पण याच विषयावर नागपुरातल्या एका दिग्दर्शकांशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे आता लांबणार.

बँकेतली नोकरी सांभाळून मी हौशी संस्थांसाठी नाटकं लिहायची. त्यातलं एक तर्री-पोह्याच्या ठेल्यावरचं. ठेला चालवणारं जोडपं, लग्न मुरलेलं, आदल्या रात्री कडाक्याचं भांडलेलं. पहिला अख्खा प्रवेश दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. पण गिऱ्हाईक "तर्री जास्त" म्हणालं की ती मागे न बघता हात करते आणि प्लेट हातात आलेली असते. सुट्टे पैसे तो मागत नाही, ती गल्ल्यातून काढून ठेवते. अबोला चालू, हात मात्र रोजच्यासारखे चालतात. पुढे अतिक्रमणवाले ठेला उचलून नेतात आणि त्या रात्री ती दोघं बोलतात. बस, एवढंच नाटक.

दिग्दर्शक सर म्हणाले, "ताई, नवराबायको कोण पाहते? ते तं घरी फुकटात दिसते. लव्हस्टोरी टाका."

मी नाही म्हटलं. पुढचे काही दिवस बँकेच्या ऑडिटमुळे तालमीला जाता आलं नाही, तेवढ्यात त्यांनी संहिता फिरवली. ठेल्यावर पोहे खायला येणारा इंजिनिअरिंगचा पोरगा नायक, समोरच्या ट्यूशन क्लासमधली पोरगी नायिका. माझं जोडपं मागे, कढईजवळ. दुसऱ्या प्रवेशात ओळख आणि तिसऱ्यात थेट "तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही."

स्पर्धेतला प्रयोग लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात होता. पोराने गुडघ्यावर बसून ते वाक्य टाकलं आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "कालच तं भेटला ना बे!"

हॉल जो हसत सुटला तो थांबेचना. पोरगा चांगला नट होता, त्याने वाक्य जीव तोडून म्हटलं होतं. पण ते वाक्य खरं वाटावं असं आधी काहीच घडलेलं नव्हतं. नायिका बिचारी ओढणी चाचपत उभी. तेवढ्यात कढईजवळच्या बाईने संहितेत उरलेलं माझं वाक्य म्हटलं, "मीठ घातलं?" नवरा म्हणाला, "घातलं." तरी तिने चिमूटभर घातलंच, आणि त्याने पोहे परत हलवले. त्याला टाळी पडली, सणसणीत. स्पर्धेत नाटकाला काही मिळालं नाही, पण ती कढईवाली बाई झालेल्या मुलीला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. सर ग्रीनरूममध्ये म्हणाले, "पब्लिक अडाणी आहे."

पब्लिक अडाणी नव्हतं, हिशेबी होतं. नायक 'जगू शकत नाही' म्हणतो, तेव्हा प्रेक्षक विचारतो की मग परवापर्यंत कसा जगत होतास? दोघांत काय आहे ते आधी दाखवलंच नाही, तर ताटातुटीच्या वेळी प्रेक्षकाने रडायचं कशासाठी? उधारीवर कोणी रडत नाही. आणि इथे प्रेक्षकाला फसवणं अवघड असतं. खून कसा होतो, कोर्ट कसं चालतं हे त्याने पाहिलेलं नसतं, तिथे तो लेखकावर सोडून देतो. पण दोन माणसं एकत्र कशी राहतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. आईने बाबांच्या ताटात न विचारता काय वाढलं यावरून घरात भांडण आहे का हे आपल्याला शाळेत असतानाही कळायचं.

ही काही माझी अक्कल नाही. नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. तिथे बसलेला यक्ष कोणी कोवळा प्रेमवीर नाही, लग्नाचा नवरा आहे, वर्षभराची शिक्षा भोगणारा. निरोप सांगून झाल्यावर त्याच्यापुढे खरी पंचाईत येते: हा निरोप आपलाच, हे बायकोला पटावं कसं? मग तो दोघांनाच माहीत असलेली एक गोष्ट सांगतो. तू माझ्या गळ्याला मिठी मारून झोपली होतीस आणि एकदम रडत जागी झालीस. मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर मनातल्या मनात हसून म्हणालीस, लबाडा, स्वप्नात तू दुसऱ्याच कोणासोबत होतास. पाहा, उपमांचा राजा म्हणवणारा कवी पटवायची वेळ आल्यावर उपमा बाजूला ठेवतो आणि नवराबायकोतली एक फालतू कुरबूर पुढे करतो. दमयंतीही आपल्या विदर्भाचीच. बाहुक झालेल्या नळाचं रूप पार पालटलेलं, तर ती दासीकरवी त्याने शिजवलेलं मांस मागवते आणि चव घेऊन नवरा ओळखते. माझ्या नाटकातली मिठाची चिमूट आमच्या सरांना किरकोळ वाटली होती!

सरांचा हुकमी पत्ता म्हणजे १९८५ ते १९८९ या काळात अमेरिकेत चाललेली 'मूनलाइटिंग' मालिका. नायक-नायिका एकत्र आली आणि मालिका मेली, म्हणून जोडी जमवायची नसते, असं ते सगळ्यांना ऐकवतात. अर्धीच गोष्ट आहे ही. जोडी जमल्यानंतरच्या काळात नायिका झालेल्या नटीची जुळी मुलं जन्माला आली, नायकाने सिनेमा धरला, १९८८ मध्ये लेखकांचा संप झाला, आणि दोघं पडद्यावर एकत्र फारशी दिसलीच नाहीत. जोडी दाखवलीच नाही आणि दोष जोडी जमल्याला!

लेखक का टाळतात? कष्ट पडतात म्हणून. गुडघ्यावर बसवायला एक ओळ पुरते. मीठ घालायला त्या दोघांची सगळी वर्षं लेखकाला माहीत असावी लागतात. मालिकांत तर रोज एक भाग द्यायचा असतो, तिथे मी कोणाला फार बोल लावणार नाही.

आता एक राहिलंच. नवं प्रेम चालतच नाही असं मी म्हणत नाही. रुक्मिणीने कृष्णाला न पाहताच, नुसतं ऐकून, पत्र धाडलं आणि ती गोष्ट आपल्याला अजून पटते, कारण तिने भावाच्या विरोधात जाऊन स्वतःचं सगळं पणाला लावलेलं दिसतं. जमण्याचीच गोष्ट असेल तर जमताना दाखवा. विनोदी नाटकात तर पहिल्या नजरेतलं प्रेम मस्त खपतं. आणि उलट, वीस वर्षांचा संसार नुसता संवादात सांगितला तर तोही खोटाच वाटतो.

तुम्ही स्वतः काही लिहीत असाल तर एवढंच करा: जोडीचं पहिलं भांडण लिहा, त्यात 'प्रेम' हा शब्द येऊ देऊ नका, आणि कोणी 'लव्हस्टोरी टाका' म्हणालं तर तालमीला रोज जा. ऑडिट असलं तरी जा.

सध्या आमच्या जुन्या ग्रुपवर तेच नाटक पुन्हा उभं करायचं चाललंय. सरही त्या ग्रुपवर आहेत, कोणी ना कोणी हे उत्तर त्यांना पाठवेलच. तर सर, संहिता माझी आहे. पहिल्या प्रवेशात नवराबायको असतील आणि ती बोलणार नाहीत. कबूल असेल तर तारखा कळवा.